कोयत्याची मजुरी कुणी ठरवायची?



गळीत हंगाम उरकून ऊसबिलाच्या पावत्या हातात पडल्या, की देवळाली प्रवरेत पारावर, सोसायटीत, चहाच्या टपरीवर बोलणे एकच. टनाला भाव काय निघाला हे आधी, आणि तोडणी-वाहतुकीपोटी किती कापले हे लगोलग मागून. जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात ऊसतोडणीची मजुरी एकदम ३४ टक्क्यांनी वाढली, तेव्हा एका जुन्या सभासदांनी आम्हांला भर रस्त्यात गाठून विचारले, "आपल्या उसाला एका झटक्यात चौतीस टक्के वाढ कधी मिळाली का हो?"

सवाल रास्त होता. रस्त्यात उभे राहून उत्तर देण्याजोगा मात्र तो नव्हता. म्हणून या अंकात त्यावर सविस्तर लिहीत आहोत.

सरकारने किमान वेतन वाढवावे की नाही, हा वाद शहरात दुकाने आणि कारखान्यांच्या अंगाने चालतो. आपल्याकडे तोच वाद उसाच्या फडात उभा आहे. प्रवरेच्या उजव्या कालव्याचे पाणी आपण पिढ्यान्‌पिढ्या उसाला देत आलो. ऊस लावतो आपण, खुरपतो आपण, पण गव्हाणीपर्यंत तो पोहोचतो पाथर्डी-शेवगावच्या, आष्टी-पाटोद्याच्या माणसांच्या कोयत्याने. त्या कोयत्याची मजुरी कुणी ठरवायची, आणि ती कुणाच्या खिशातून जायची, हा खरा प्रश्न आहे.

कायदा आहे, पण फडापर्यंत आला नाही

किमान वेतनाचा कायदा देशात १९४८ साली झाला. शेतीचे काम त्यात पहिल्यापासून धरलेले होते. महाराष्ट्रात शेतमजुरांच्या किमान वेतनाचा विचार करण्यासाठी वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९७३ साली आला. हेच पागेसाहेब रोजगार हमी योजनेचे जनक. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात स्पष्ट सांगितले, की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमाने बंद केलेली वेठबिगारीच होय. पुढे १९४८ चा कायदा जाऊन २०१९ ची वेतन संहिता आली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती अमलात आली.

इतके सगळे झाले, तरी आपल्या राज्यात ऊसतोडणीचा दर प्रत्यक्षात ठरत आला तो बैठकीत. एका बाजूला साखर संघ, दुसऱ्या बाजूला कामगार संघटना, मध्ये लवाद म्हणून मोठे पुढारी. दर काही वर्षांनी संप, मग वाटाघाटी, मग करार. ऑक्टोबर २०२० मध्ये १४ टक्के वाढ होऊन मूळ दर टनाला २३९ रुपये ५० पैशांवरून २७३ रुपयांवर आला. जानेवारी २०२४ मध्ये तो ३६६ रुपये झाला, तोही तीन वर्षांसाठी. मधल्या हंगामांत दर जागचा हलला नाही. एवढेच नव्हे, २०२३-२४ चा हंगाम नोव्हेंबरात सुरू झाला आणि दर ठरला जानेवारीत. दोन महिने माणसे ऊस तोडत होती आणि आपल्याला टनाला काय मिळणार हे त्यांना ठाऊक नव्हते.

सभासद बंधूंनो, आपला ऊस कारखान्यात जाऊन दोन महिने झाले आणि भावच ठरलेला नाही, असे कुणी म्हटले तर आपण काय करू? रस्त्यावर बसू. बसलोही आहोत.

फडातला हिशेब

गेल्या हंगामात माघाच्या थंडीत आम्ही फडावर गेलो होतो. सायंकाळ झालेली. मोळ्या बांधून तयार, गाडीचा पत्ता नाही. एक बाई वाढ्याच्या भाऱ्यावर टेकली होती. आम्ही विचारले, "आक्का, आज किती टन झालं?"

"दोनेक टन असंल, मालक. पण गाडीच आली नाही. दुपारपासून बसून आहोत."

"मग बसल्याचं काय मिळतं?"

ती हसली. "बसल्याचं काय असतंय? गाडी भरली तर मजुरी."

आता हिशेब करून पाहू. नवरा-बायको मिळून एक कोयता. चांगला ऊस असेल तर दिवसाला दोन टन होतात. टनाला ३६६ प्रमाणे ७३२ रुपये, म्हणजे माणशी ३६६. वरवर पाहता बरे दिसते. २०२५-२६ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर रोज ३१२ रुपये होता. त्यापेक्षा हे जास्तच, असे कुणी म्हणेल.

पण रोजगार हमीचा दिवस आठ तासांच्या कामाचा धरतात. फडातला दिवस अंधारात सुरू होतो. तोडणे, पाचट काढणे, मोळ्या बांधणे, डोक्यावरून वाहून गाडी भरणे. सगळे मिळून बारा तास धरले तर तासाला साडेतीस रुपये पडतात. रोजगार हमीचे तासाला ३९ पडतात. गाडीची वाट पाहण्यात गेलेली दुपार, पावसाने बुडालेला दिवस, कारखाना बंद पडल्याने झालेली खोटी, यांचे शून्य.

कायद्याने यावर तोड आधीच सांगून ठेवली आहे. काम उक्ते असले, तरी मजुराच्या वेळेच्या हिशेबाने किमान एवढे तरी पडलेच पाहिजे असा दर सरकारने ठरवायचा, हे जुन्या कायद्यातही होते आणि नव्या संहितेतही आहे. म्हणजे टनाचा दर असू द्या, पण दिवस भरला तर त्या दिवसाची किमान रोजी बुडता कामा नये.

आणखी एक गोष्ट. कोयता दोघांचा, पण नाव लिहितात एकाचे. बाईचे काम बाप्याइतकेच, किंबहुना खोपीवरचा स्वयंपाक धरला तर त्याहून जास्त. तरी तिच्या नावाने पैसा निघत नाही. समान कामाला समान मजुरीचा कायदा १९७६ साली झाला. तो मोडला असे कुणी म्हणणार नाही, कारण तिची नोंदच नाही.

खुरपणीवाली आणि कोयतावाली

काही सभासद म्हणतील, मजुरी ठरवायला सरकार कशाला? आपल्याकडे खुरपणीची मजुरी कुठे सरकार ठरवते? हंगामात बायका म्हणतील तो दर द्यावा लागतो.

अगदी बरोबर. खुरपणीला आलेली बाई आज आपल्याकडे, उद्या शेजाऱ्याकडे. दर पटला नाही तर ती येत नाही, आणि तण वाढू लागले की आपणच निरोप धाडतो. तिच्या हातात नाही म्हणण्याची ताकद आहे. तिला कायद्याचा आधार कमी लागतो.

कोयत्याचे तसे नाही. त्याने पावसाळ्यातच मुकादमाकडून उचल घेतलेली असते. त्या पैशातून पेरणी झाली, पोरीचे लग्न झाले, दवाखाना झाला. दसरा-दिवाळीला तो घर सोडतो तेव्हा पाच महिन्यांची मजुरी खर्चून मोकळा झालेला असतो. दर परवडला नाही म्हणून तो फड सोडून जाऊ शकत नाही. एक दिवस आजारी पडला तर मजुरी जातेच, वर खाड्याचे पैसे अंगावर पडतात. हंगाम संपतो तेव्हा कित्येकांची उचल फिटलेली नसते आणि पुढच्या वर्षाचा कोयता आदल्या वर्षीच बांधला जातो. खाडा पडू नये म्हणून बायका काय सोसतात, हे बीड जिल्ह्यातील गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांमुळे २०१९ साली साऱ्या राज्याला कळले.

जो माणूस काम सोडून जाऊ शकतो, त्याला बाजार थोडाबहुत न्याय देतो. जो सोडून जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी कायदा लागतो. आमच्या मते किमान वेतनाच्या साऱ्या वादाचे सार एवढेच आहे.

आणि हे आपल्याला कुणी शिकवायला नको. आपणही कधी काळी त्याच जागी होतो. ऊस तोडल्यावर तो ठेवता येत नाही, चार दिवसांत वाळतो. खासगी कारखानदार देईल तो भाव घ्यावा लागे. म्हणून तर १९५० साली शेजारी लोणीला पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा सहकारी कारखाना उभा केला. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आला, किमान भाव आला, २००९ पासून त्याची एफआरपी झाली. एफआरपी म्हणजे तरी काय? उसाचे किमान वेतनच. सरकारने ते दरवर्षी ठरवावे, वाढवावे, आणि थकले तर कारखान्यावर जप्ती आणावी, असे आपण ठासून मागतो. स्वतःसाठी जे मागतो ते आपल्याच फडात राबणाऱ्याने मागितले, तर तोंड कसे फिरवायचे?

पैसा कुणाचा जातो?

इथे खरी गोम आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. एफआरपी कारखान्याच्या दारातली. तोडणी आणि वाहतूक आपल्या बिलातून वजा होते. बऱ्याच ठिकाणी दोन्ही मिळून टनाला ७०० ते ९०० रुपये जातात. कोयत्याची मजुरी वाढली की कारखान्याचे काही जात नाही, मुकादमाचे तर वाढतेच. जाते ते सभासदाचे.

२०२४ च्या वाढीचा हिशेब असा. मूळ दरात ९३ रुपये वाढले. मुकादमाचे कमिशन १९ टक्क्यांचे २० झाले, ते धरून टनाला सुमारे ११४ रुपये. एकरी ४० टन ऊस असेल तर साडेचार हजारांवर रुपये एकरामागे कमी आले. लहान शेतकऱ्याला ही रक्कम थोडी नाही. त्या जुन्या सभासदांची तक्रार खोटी नव्हती.

पण दुसरी बाजूही पाहू. सव्वादहा टक्के उताऱ्याला एफआरपी २०२३-२४ साली टनाला ३,१५० रुपये होती. २०२५-२६ साली ती ३,५५० झाली. दोन वर्षांत ४०० वाढले. खते, औषधे, वीज, मशागत यांनी त्यातले बरेच खाल्ले हे खरे. तरी चारशेतले एकशे चौदा तोडणीकडे गेले, त्यामुळे आपण बुडालो असे म्हणता येणार नाही.

शिवाय एक खर्च असा, जो कोणत्याच पावतीवर नसतो. मार्च उजाडला, ऊन तापले, ऊस वाळायला लागला, की खुशाली सुरू होते. एकरी इतके द्या तर कोयता लावू, गाडीवाल्याला एंट्री द्या, जेवण द्या. समजा एकरी तीन हजार गेले, तर ४० टनांवर ते टनाला ७५ रुपये पडतात. त्याची ना नोंद, ना दाद. आणि त्यातले कोयत्याच्या हातात किती पडतात, हे तोच जाणे. उजळ माथ्याने पुरेशी मजुरी ठरवली, तर "मजुरी पुरत नाही" ही खुशालीची सबब निम्मी गळून पडेल. उरलेली निम्मी मोडायला शेतकी विभागाने कंबर कसावी.

शेजारचे राज्य काय करते?

गुजरातेत, बारडोली-सुरतेच्या पट्ट्यात, आपल्यासारखेच सहकारी कारखाने आहेत. महाराष्ट्राच्या खानदेशातून आणि डांगातून मजूर तिकडे ऊस तोडायला जातात. तिथे ऊसतोडणीला किमान वेतनाच्या यादीत स्वतंत्र जागा आहे आणि टनाचा दर सरकार जाहीर करते. तो दर २३८ रुपयांवर बराच काळ रखडला होता. मार्च २०२३ मध्ये गुजरात सरकारने तो दुप्पट करून ४७६ केला.

आपल्या ३६६ मध्ये आणि त्यांच्या ४७६ मध्ये ११० रुपयांचे अंतर. यावरून दोन गोष्टी कळतात. सरकारला दर ठरवता येतो, ही एक. नुसता कायदा करून भागत नाही, वर्षानुवर्षे झोपून राहिलेला दर एकदम दुप्पट करावा लागतो आणि मग सगळ्यांचीच धांदल उडते, ही दुसरी.

दुप्पट केले तेव्हा काय झाले?

दुसऱ्या गोष्टीचा अनुभव आपल्या राज्याने घेतला आहे. रोजगार हमीचा दर शेतीच्या किमान वेतनाला बांधलेला होता. १९८८ साली शेतीचे किमान वेतन दुप्पट झाले, त्याबरोबर रोजगार हमीचा दरही दुप्पट झाला. मजुरांना आनंद झाला. पण खर्चाचा बोजा वाढला तशी कामे हात राखून निघू लागली. ज्याला हवे त्याला काम, हा योजनेचा कणा. अर्थशास्त्रज्ञांनी पुढे आकडे तपासले तेव्हा तोच कणा त्या वाढीनंतर वाकल्याचे त्यांना दिसले. दर मोठा झाला आणि काम थोडे झाले.

किमान वेतन वाढवू नये, असे सांगणारे याच उदाहरणाकडे बोट दाखवतात. फडातले त्याचे रूप म्हणजे तोडणी यंत्र. मजुरी वाढवाल तर यंत्र येईल आणि कोयता घरी बसेल, असे ते म्हणतात. पण यंत्र येणारच आहे. पोरे शिकली, कोयते कमी झाले, टोळ्या फसवून जाऊ लागल्या, म्हणून कारखाने यंत्राकडे वळले. २०२३ साली सरकारने यंत्राला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख, यांतील कमी ती रक्कम अनुदान म्हणून देऊ केली. यंत्राला लाखांनी देणाऱ्या सरकारने माणसाच्या दराबाबत हात वर करणे शोभत नाही. आणि आपल्या तीन फुटी सऱ्या, दहा-वीस गुंठ्यांचे तुकडे, बांधाबांधाची वाट पाहता, अजून बरीच वर्षे बहुतेक सभासदांचा ऊस कोयत्यानेच तुटणार आहे.

१९८८ चा धडा आम्ही असा वाचतो : वाढ द्यावी, पण ती साचवून ठेवून एकदम देऊ नये, आणि पैसा कुठून येणार हे ठरवल्याशिवाय देऊ नये. २७३ वरून ३६६ ला जाताना तीन हंगामांत दरवर्षी ३१ रुपये वाढले असते, तर ना संप झाला असता, ना आपल्या पावतीला एकदम खड्डा पडला असता.

आपण काय मागावे?

सरकारने कोयत्याचे किमान वेतन ठरवावे आणि वाढवावे, असेच आमचे मत आहे. मात्र सभासद म्हणून आपण त्याबरोबर पुढील गोष्टी मागितल्या पाहिजेत.

पहिली, टनाचा किमान दर आणि दिवसाची किमान रोजी या दोन्ही गोष्टी कायद्याने ठराव्यात, आणि एफआरपी जशी हंगामापूर्वी जाहीर होते तसा हा दरही दरवर्षी हंगामापूर्वी जाहीर व्हावा. वाढ महागाईच्या बेताने, थोडी थोडी.

दुसरी, मजुरीत जेवढी वाढ होईल तेवढी एफआरपी ठरवताना खर्चात धरली जावी. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला. त्या हंगामात एफआरपी क्विंटलला २७५ होती. २०२५-२६ ची ३५५ रुपये एफआरपी मंजूर झाली तेव्हाही साखर ३१ वरच होती. वर ऊस चढता आणि खाली साखर जागच्या जागी, अशाने कारखाना, सभासद आणि कोयता तिघेही एकमेकांच्या ताटातले ओढत राहतात. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्याने टनाला १० रुपये द्यायचे आणि तेवढेच सरकारने घालायचे, असे ठरले. मजुरीच्या बाबतीतही सरकारने असाच वाटा उचलावा.

तिसरी, मालक कोण हे एकदा ठरू द्या. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, मी तर कारखान्याच्या गाडीमालकाचा माणूस. पैसे मात्र आपल्या बिलातून जातात. मजुरी देणारे आपण आणि मालक कुणीच नाही, हा खेळ थांबला पाहिजे. कारखान्याने प्रत्येक बाई-बाप्याची नावानिशी नोंद करावी, मजुरी ज्याच्या-त्याच्या खात्यात भरावी, आणि उचल किती घेतली, किती फिटली, याचा कागद त्याच्या हाती द्यावा.

चौथी गोष्ट आपल्या दोघांच्या हिताची, ती म्हणजे काटा. आपले बिल आणि त्याची मजुरी एकाच काट्यावर ठरते. काटा खरा असावा म्हणून आपण भांडतो, तेव्हा नकळत त्याच्यासाठीही भांडत असतो. त्याने त्याच्या हक्कासाठी भांडावे तेव्हा आपण नुसते बघत राहू नये.

यांतल्या पहिल्या दोन गोष्टी सरकारच्या हातात आहेत. तिसरी आणि चौथी आपल्या. वार्षिक सर्वसाधारण सभेत भावावर तासभर बोलणे होते, तोडणी मजुरीचा विषय मात्र कपातीच्या ओळीपुरताच निघतो. येत्या सभेत आपल्या गटातून कुणीतरी उठून एवढेच विचारावे : या हंगामात आपल्या उसाला लागलेल्या कोयत्यांत बाया किती, त्यांची नावे कुठे लिहिली, आणि गाडीची वाट पाहण्यात त्यांचे किती दिवस बुडाले? उत्तर मिळाले तर छापू. नाही मिळाले तर तेही छापू.